कारणाच्या रकान्यातले सर

रामलिंग माणिकप्पा खानापुरे मूळचे चाकूरचे. नोकरीपुरते म्हणून नांदेडला आले आणि एकोणतीस वर्षं राहिले. ते बी.एड.च्या कॉलेजात होते, म्हणजे उद्याच्या शिक्षकांना शिकवायचं कसं, ते शिकवायचे. हा धंदा नेमका काय आहे हे त्यांच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. "शिकवायलाबी शिकावं लागतंय का रे? मग तुला कुणी शिकवलं?" असं माणिकप्पा दर दिवाळीला विचारायचे आणि रामलिंग सर दर दिवाळीला विषय बदलायचे.

सरांची निम्मी नोकरी शेवटच्या बाकावर झाली. कॉलेजातल्या मुलामुलींना कागदोपत्री छात्राध्यापक म्हणतात. त्यांतले काही विशीतले असतात, काही चांगले दोन लेकरांचे आईबाप. त्यांनी शहरातल्या शाळांवर जाऊन सराव पाठ घ्यायचे. फळ्याजवळ तो छात्राध्यापक, मधे चाळीस-पन्नास पोरं, आणि सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून, मांडीवर निरीक्षण वही घेतलेले रामलिंग सर. पाठ पस्तीस मिनिटांचा. सर बघायचे, टिपायचे आणि शेवटी शेरा द्यायचे, 'पाठ चांगला झाला. फलकलेखनात सुधारणेस वाव आहे.' हा शेरा इतक्या वेळा लिहून झाला होता की पेन कागदाला टेकलं की तो आपोआप उतरायचा.

माणूस स्वभावानं मऊ. कुणाला नापास करणं त्यांच्या जिवावर यायचं. पण बाकावर बसले की चेहरा मात्र फार कडक दिसायचा, आणि याची त्यांना बिलकूल खबर नव्हती. बायको घरी म्हणायची, "जेवायला बसलात तरी भाजीकडं तपासायला आल्यावानी बघता. मीठ कमी हाय का जास्त, ते तोंडानं सांगा की." सर म्हणायचे, "मी कुठं काय म्हणलो?" आणि गुमान जेवायचे.

आठ वर्षांपूर्वी अभ्यासक्रम बदलला आणि वरून एक नवी वही आली. तिचं नाव आत्मपरीक्षण वही. पाठ झाला की छात्राध्यापकानं एकटं बसून आपलाच पाठ तपासायचा. पानावर तीन रकाने आखलेले: चूक, कारण, उपाय. वहीला पंचवीस गुण. ज्यानं कुणी ही वही काढली त्याचा हेतू चांगलाच असणार. पण पहिल्याच दिवशी वर्ग गोंधळला. "सर, चुका कोणत्या लिहायच्या?" सर म्हणाले, "तुमच्या." मुलं म्हणाली, "हो सर, पण कोणत्या?"  मग मुलांना अंदाज यावा म्हणून त्यांनी फळ्यावर एक नमुना लिहून दिला. चूक पहिली: आवाज थोडा कमी पडला. दुसरी: फळ्याचा उजवा कोपरा मोकळा राहिला. तिसरी: पाठ दोन मिनिटं लवकर संपला. कारण: अनुभवाचा अभाव. उपाय: सराव करीन. मुलांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि लिहून घेतलं. सरांनीही फळा पुसला आणि ती गोष्ट विसरून गेले. पुढं वह्या आल्या की ते पानं नुसती चाळून गुण द्यायचे.

ती वर आली यंदाच्या जानेवारीत, आणि वर काढली सौदामिनी मॅडमनी. या मॅडम दोन वर्षांपूर्वीच कॉलेजात आलेल्या. वय पस्तिशीच्या आतलं, वाचन दांडगं, आणि काहीही असो, ते मुळापासून बघायची खोड. त्यांनी सरांना स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर अठ्ठेचाळीस वह्या मांडलेल्या. "सर, ही वाचा. आता ही वाचा. आता कुठलीही उचला." सरांनी चार वाचल्या. सगळ्यांचा आवाज थोडा कमी पडला होता. सगळ्यांचा उजवा कोपरा मोकळा राहिला होता. एका शाळेतल्या फळ्याचा उजवा कोपरा गेली तीन वर्षं तुटून पडलेला आहे, पण तिथंही तो मोकळाच राहिला होता. सिंधु तिडके नावाची विद्यार्थिनी गॅदरिंगला माईकशिवाय बोलली तर रस्त्यावरची माणसं थांबून बघत. तिनंसुद्धा लिहिलं होतं, आवाज थोडा कमी पडला.

"मुलं चुकासुद्धा एकमेकांच्या उतरवतात," मॅडम म्हणाल्या. "पण मूळ कुणाचं, ते सापडत नाही." त्यांनी कपाटातून जुन्या वर्षांच्या वह्या काढल्या. सीनियरांच्या वह्या ज्युनियरांना द्यायच्या, ही या कॉलेजची जुनीच रीत. दर वर्षीच्या वहीत त्याच चुका, त्याच क्रमानं. सगळ्यांत तळाशी पहिल्या वर्षाची वही होती. सरांनी ती उघडली आणि ते पहिल्याच पानावर थांबले.

"मॅडम, या चुका माझ्या आहेत," ते म्हणाले.

"तुमच्या म्हणजे?"

"मीच फळ्यावर लिहून दिल्या होत्या. नमुना म्हणून."

मॅडम आधी हसल्या आणि मग सरांचा चेहरा बघून थांबल्या. आठ वर्षांत चारशेच्या आसपास शिक्षक या तीन चुका घेऊन नांदेड-लातूरच्या शाळांमधून पांगले होते. खऱ्या चुका प्रत्येकाच्या प्रत्येकाजवळ राहिल्या असणार, आणि आज त्या कुठल्या कुठल्या वर्गांत खुशाल नांदत असतील. सरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. मे महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते. एवढी वर्षं आपण मागं बसून नेमकं बघितलं तरी काय, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला, आणि निवृत्तीला चार महिने असताना असा प्रश्न पडणं फार वाईट.

नमुना बंद झाला. मॅडमनी नवी पद्धत सुचवली. पाठ फोनवर चित्रित करायचा, घरी जाऊन बघायचा आणि जे दिसेल ते लिहायचं. सरांनी वर्गात जाऊन जाहीर केलं, "यंदा खरं लिहायचं. जे दिसेल ते." मुलांच्या तोंडचं पाणी पळालं.

पहिल्या वह्या आल्या तेव्हा सर आणखीनच बुचकळ्यात पडले. पुनम नावाच्या मुलीनं लिहिलं होतं: केस मोकळे सोडायला नको होते. शिवप्रसादनं लिहिलं होतं: शर्ट इन करायला हवा होता. एकीनं दोन पानं भरून आपली साडी कुठं कुठं चुकली ते लिहिलं होतं, उपायासकट. सरांनी सगळ्यांना बोलावलं. "अरे, पाठ बघा. पाठ." पुनम म्हणाली, "सर, बघितला. पण पाठात काय बघायचं?"  त्यांनी हजारो पाठ बघितले होते आणि पाठात काय बघायचं हे त्यांना सांगता येईना. "नीट बघा," ते शेवटी म्हणाले. मुलं नीट बघायला गेली.

आता सिंधुबद्दल. सिंधु शेषेराव तिडके, वय सदतीस, भोकरजवळच्या एका खेड्यातली. तिथल्या हायस्कुलात ती नऊ वर्षं विनाअनुदानित तत्त्वावर शिकवत होती. शाळेला दोन वर्षांपूर्वी अनुदान मिळालं आणि संस्थेनं सांगितलं, यंदाच्या जूनपर्यंत बी.एड. पदरात असेल तर जागा तुमची, नसेल तर दुसरा उमेदवार तयार आहे. म्हणून ती घर, रान आणि नवऱ्याचा राग असं सगळं मागं टाकून नांदेडला एका खोलीत राहायला आलेली. शेषेराव फोनवर रोज विचारायचे, "झालं का पास?" ती सांगायची, "आवं, वर्ष संपाय पाहिजे की." वहीत नापास झालं तर वर्ष वाया जाणार होतं आणि त्यासोबत नऊ वर्षांचा वर्गही. हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं.

तिचा पाठ सहावीवर झाला. घटक बाष्पीभवन. सर नेहमीप्रमाणं मागं बसले होते. फोन बाजूच्या खिडकीत ठेवलेला, म्हणजे फळाही दिसावा आणि वर्गही. पाठ चांगला झाला, असं सरांच्या निरीक्षण वहीत नोंदवलेलं आहे. विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम, असंही.

आठवड्यानं सिंधुची आत्मपरीक्षण वही आली. साडी नाही, केस नाहीत, कोपरा नाही. चुकीच्या रकान्यात तिनं मिनिटं लिहिली होती. सहाव्या मिनिटाला एका मुलाचं अर्धं उत्तर तोडलं. अकराव्या मिनिटाला वर्षाराणी प्रश्न विचारत होती, तो घेतला नाही. चौदाव्या मिनिटाला ज्याला येत नाही त्याला मुद्दाम टाळून ज्याला येतं त्याला उठवलं. अशा नऊ चुका. कारणाच्या रकान्यात, नऊही चुकांपुढं, एकच शब्द होता. सर. सर. सर. उपायाचा रकाना मोकळा.

सरांनी वही मिटली आणि पुन्हा उघडली. त्यांना राग आला, मग आपल्याला राग आला याची लाज वाटली, मग आपण नेमकं काय केलं हे आठवेना म्हणून पुन्हा राग आला. त्यांनी सिंधुला बोलावून घेतलं.

"सिंधुताई, हे काय लिहिलंय?"

"चुका, सर."

"ते कळलं. पण कारणात मी कुठून आलो?"

सिंधु पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "सर, तुम्ही म्हणलात खरं लिहा. मी चार येळा बघितलं. दुसरं कारण लई शोधलं. न्हाई सापडलं."

"मी केलं काय पण?"

"तुम्ही काहीच केलं न्हाई सर. तुम्ही पेनाला टोपण लावलं."

तिनं फोनवर तो भाग लावून दाखवला. सर चष्मा पुसून बघायला लागले. फळ्याजवळ सिंधु सांगत होती, की उष्णतेमुळं पाण्याची वाफ होते. मधल्या ओळीतून वर्षाराणी नावाची बारकी पोरगी उठली. "बाई, आमचा रांजण सावलीत आसतो. त्याला ऊनच लागत न्हाई. मग त्यातलं पाणी कमी कसं व्हतंय?" सिंधुचा चेहरा उजळला. ती मुलीकडं एक पाऊल आलीसुद्धा. तेवढ्यात चित्रणाच्या कडेला, मागच्या बाकावर, रामलिंग सरांनी पेनाला टोपण लावलं. सिंधुनं मान वर केली, मुलीच्या डोक्यावरून मागं बघितलं, आणि म्हणाली, "छान प्रश्न आहे. खाली बस. आता आपण पुढील मुद्द्याकडे वळूया." पोरगी खाली बसली.

"मला वाटलं, सरांचं लिहून झालं," सिंधु म्हणाली. "म्हणजे आता पाठ लांबून राहिला. म्हणून पळाले पुढं."

"मला तसं काहीच वाटत नव्हतं."

"मग काय वाटत होतं सर?"

सरांनी आठवून बघितलं. त्या वेळी त्यांच्या डोक्यात चाकूरच्या घरावरचे पत्रे बदलायचा विचार चालला होता. वर्षाराणीचा प्रश्न त्यांनी आज पहिल्यांदा ऐकला. हे त्यांनी सिंधुला सांगितलं नाही. "उपायाचा रकाना मोकळा का ठेवला?" एवढंच विचारलं.

"काय लिहू सर? सरांनी येऊ नये, असं लिहायचं का?" तिच्या बोलण्यात खोचकपणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

त्या संध्याकाळी सरांनी पुनमचं चित्रण मागवलं, मग शिवप्रसादचं, मग आणखी दहा-बाराजणांचं. आणि आता कुठं बघायचं हे एकदा कळल्यावर त्यांना दुसरं काही दिसेना. पुनम प्रश्न विचारायची मुलांना आणि बघायची मागच्या बाकाकडं. शिवप्रसाद फळ्यावर लिहिताना इतक्यांदा वळून बघत होता की त्याची ओळ उतरत उतरत तळाला गेली होती. एकही पाठ मुलांना शिकवलेला नव्हता. सगळे पाठ रामलिंग सरांना शिकवलेले होते, आणि पोरं बिचारी दोघांच्या मधे बसून होती. बाष्पीभवन, अपूर्णांक, संधी, अक्षांश-रेखांश, एकोणतीस वर्षं हे सगळं त्यांनाच शिकवलं गेलं आणि त्यांनी त्यातलं काही ऐकलंही नाही. आपण बघायला गेलो म्हणून जे बघायचं ते तिथं राहिलं नाही, हे सरांच्या डोक्यात शिरत होतं आणि पुन्हा निसटत होतं. निवृत्त व्हायच्या आधी एक तरी पाठ असा बघावा, जो आपल्यासाठी नाही, अशी इच्छा त्यांच्या मनात त्या दिवशी उत्पन्न झाली. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही, कारण शिक्षकांच्या शिक्षकानं असं म्हणणं बरं दिसलं नसतं.

सौदामिनी मॅडमना त्यांनी सिंधुची वही दाखवली. मॅडमनी नऊही ओळी वाचल्या. "ही एकटीच खरं शिकली सर," त्या म्हणाल्या. "पण बाहेरचे परीक्षक वह्या बघणार आहेत. कारणात 'सर' लिहिलेली वही त्यांच्यापुढं कशी ठेवायची? तिला म्हणा, तिथं 'आत्मविश्वासाचा अभाव' लिही."

"पण ते खरं नाही."

"पण अगदी खोटंही नाही ना?"

 सरांना दोन्ही पटत होतं. गुण शनिवारपर्यंत द्यायचे होते. कमी द्यावेत, तर आपण चिडून दिले असं होईल, आणि थोडेफार चिडलेले तर ते होतेच. भरपूर द्यावेत, तर माफी मागितल्यासारखं. बाकी सगळ्यांना बावीस-तेवीस होते. मोकळ्या केसांना बावीस, शर्टाला बावीस, साडीच्या दोन पानांना तेवीस. त्या हिशेबानं सिंधुला किती? आणि तिला नापासाच्या जवळ नेऊन ठेवलं, तर भोकरकडचा वर्ग दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल, हे डोळ्यांपुढून हलेना.

शेवटी सरांनी ठरवलं की आधी तिचा पाठ खरा बघू, मग गुण देऊ. त्यांनी सिंधुला सांगितलं, पुन्हा एक पाठ घ्या, मी वर्गात येणार नाही. ते त्या शाळेत गेले, वर्गाबाहेर व्हरांड्यात खांबाआड खुर्ची टाकून बसले आणि कान देऊन ऐकायला लागले. आत सिंधु अगदी पुस्तकी बोलत होती. "विद्यार्थी मित्रांनो, निरीक्षण करा आणि निष्कर्ष सांगा." पस्तीस मिनिटांनी ती बाहेर आली. सर म्हणाले, "अहो, मी तर बाहेर होतो." सिंधु म्हणाली, "सर, दारात तुमच्या चपला दिसून राहिल्या होत्या." त्या शाळेत सगळ्यांनी चपला वर्गाबाहेर काढायची शिस्त होती. सरांनीही, आत जायचं नसताना, सवयीनं काढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सर कॉलेजातच थांबले. फक्त फोन पाठवला. संध्याकाळी चित्रण बघितलं, तर सिंधु पाठभर फोनकडं बघत होती. अधूनमधून पदर सावरत होती. सरांनी विचारलं, "आता कोण होतं तिथं?" ती म्हणाली, "फोनमधी तुम्हीच की सर." सरांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. मग सिंधु म्हणाली, "सर, माझ्या गावच्या शाळेत मी अशी न्हाई शिकवत."

"मग कशी शिकवता?"

"आता कसं सांगू? तिथं कुणी बघत नसतंय."

शनिवारी दुपारी सरांनी गुणांचा तक्ता पुढं ओढला, आणि सिंधुच्या नावापुढं बावीस लिहिले. वहीतला 'सर' हा शब्द त्यांनी बदलायला लावला नाही, पण वही गठ्ठ्याच्या मधोमध घातली, म्हणजे परीक्षकांच्या हाताला सहजी लागू नये. हे धाडस झालं की भित्रेपणा, ते त्यांना ठरवता आलं नाही. परीक्षकांनी वरच्या चार वह्या चाळल्या, चहा घेतला आणि 'काम समाधानकारक' असं लिहून ते गेले. सिंधु पास झाली. जूनमध्ये तिचा फोन आला. जागा पक्की झाली होती. शेषेराव मागून मोठ्यानं काहीतरी सांगत होते, ते ऐकू आलं नाही. "सर, तुमच्यामुळं झालं," ती म्हणाली. सरांना हे वाक्य कुठल्या रकान्यात घालावं कळेना. त्यांनी "छान, छान" म्हणून फोन ठेवला.

सर मे अखेरीस निवृत्त झाले होते. शाल, नारळ, तीन भाषणं. त्यानंतर घरी बसून त्यांना चैन पडेना. बायको म्हणायची चाकूरला जाऊन पत्र्यांचं काम करून या. पण ऑगस्टमध्ये एके सकाळी ते उठले आणि भोकरच्या बसमध्ये बसले. सिंधुला कळवलं नाही. कळवलं तर सगळंच संपलं, एवढं त्यांना आता समजलं होतं. निरीक्षण वही घेतली नाही. पेनसुद्धा खिशातून काढून टेबलावर ठेवलं. भोकरला उतरून काळीपिवळी जीपमध्ये बसले आणि फाट्यापासून पायी निघाले. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलेलं. सरांना चोरासारखं वाटत होतं आणि मजाही वाटत होती.

शाळेच्या चार खोल्या एका ओळीत होत्या. शिपाई कुठं दिसला नाही. तिसऱ्या खोलीतून आवाज आला आणि सरांनी तो लगेच ओळखला. तो आवाज कमी पडणं शक्यच नव्हतं. ते खिडकीच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

आत आठवीचा वर्ग होता आणि भांडण चाललं होतं. चिखलात चप्पल जास्त घसरते की अनवाणी पाय, यावर. "थांब रं, तिला बोलू दे," सिंधु म्हणत होती. "हां, बोल गं. तू कवा पडलीस?" एक मुलगी आपण कसं पडलो ते सांगायला लागली, सगळे हसले, सिंधुही हसली. एक मुलगा म्हणाला की बोटं चिखलात रुततात म्हणून पाय धरून राहतो. दुसरा म्हणाला, मग बैलाला बोटं कुठं हायत? सिंधुनं स्वतःच्या पायाकडं बघितलं. "हे मलाबी नीट सांगता यायचं न्हाई," ती म्हणाली. "उद्या बघून या बैलाचं खूर, मग बोलू. पण मला सांगा, पाय धरून ठेवणारं हे हाय तरी काय?" वर्ग शांत झाला. त्या शांततेत कुणालाच घाई नव्हती. रामलिंग सर भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं. आणि मग, माणसाचा जीव कुठं भागतो, त्यांना ते बघावंसंही वाटलं. फक्त एकदा. त्यांनी मान जराशी पुढं काढून खिडकीच्या गजांतून आत बघितलं.

सिंधु पहिल्या बाकाच्या टोकावर टेकून बसली होती. फळा कोरा होता. तिची पाठ सरांकडं होती, पण मुलांची तोंडं होती. "बाई, कुणीतरी पावणे आलेत," एक मुलगी म्हणाली.

सिंधु वळली. तिला मनापासून आनंद झाला, तो तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. "सर! या ना सर, आत या." सगळा वर्ग उभा राहिला आणि सुरात नमस्कार म्हणाला. सर वर्गाच्या मागच्या बाजूच्या दारात आले. "चालू द्या, चालू द्या," ते घाईनं म्हणाले. "मी असाच आलो होतो. तुमचं चालू द्या."

सिंधुनं पदर सावरला. ती बाकाजवळून सरकून फळ्याच्या उजव्या हाताला, बरोबर जिथं उभं राहायचं तिथं जाऊन उभी राहिली. तिनं खडू उचलला.

"विद्यार्थी मित्रांनो," ती म्हणाली, "मला सांगा, गुळगुळीत फरशीवरून चालताना आपल्याला कोणता अनुभव येतो?"

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. "बाई, ते झालं की मघाशी," बैलवाला मुलगा म्हणाला. सिंधुनं त्याच्याकडं बघितलं नाही. दुसऱ्या एका हुशार मुलीला तिनं उठवलं. मुलीनं, बाईंना आज हेच हवं आहे हे ओळखून, पूर्ण वाक्यात उत्तर दिलं, "गुळगुळीत फरशीवरून चालताना आपला पाय घसरतो." "शाब्बास. म्हणून आज आपण 'घर्षण' या घटकाचा अभ्यास करणार आहोत." तिनं फळ्याच्या मधोमध ठळक अक्षरांत घटकाचं नाव लिहिलं, खाली रेघ मारली, आणि वळून मुलांच्या डोक्यांवरून दाराकडं बघितलं.

सर दारात उभेच होते. आत जावं तर पाठ असाच चालणार. निघून जावं तर तिला वाटणार, सरांना आवडलं नाही, आणि मग ती महिनाभर स्वतःची चूक शोधत बसणार. ती थांबली होती. चाळीस मुलंही थांबली होती, आता बाईंबरोबर तीही सरांकडंच बघत होती. चेहरा कसा ठेवावा हे सरांना कळेना. शेवटी त्यांनी मान डोलावली, आणि सिंधु पुढील मुद्द्याकडे वळली.